आगाऊ गुलाल

घरच्या मैदानावर कॉलेज एका गोलनं मागं होतं. बरोबरी झाली तरी चषक आपलाच, आणि अखेरच्या मिनिटाला पेनल्टी मिळाली. कॉलेजभक्त रंगराव नेमानं पाठ फिरवून उभे राहिले. आपण पाहिलं की पेनल्टी हुकते, असा त्यांचा स्वतःविषयी दांडगा समज.

मागं आरोळी उठली. रंगरावांनी पिशवीतला सगळा गुलाल उधळला, निम्मा स्वतःच्याच डोक्यावर. मग वळले. आरोळी पाहुण्यांची होती. त्यांचा गोलकीपर चेंडू कवटाळून लोळत होता.

"पेनल्टी मारली का गोंजारली!" असं वाटभर चरफडत त्यांनी घर गाठलं. गुलालात न्हालेला नवरा दिसताच बायको आरतीचं ताट घेऊन आली.

"जिंकलासा?"

"हरलो. एका गोलनं."

"मग ह्यो गुलाल?"

रंगराव ओशाळले. "मी वळून बघीपर्यंत जिंकलो हुतो."