दुसरा उमेदवार

अलाबामातल्या एका कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघाला पुढच्या फळीसाठी प्रशिक्षक हवा होता. मुख्य प्रशिक्षक हार्लनने जागा कालच कॉलेजच्या एका बड्या देणगीदाराच्या जावयाला कबूल केली होती. पण नियमापुरता आणखी एक उमेदवार दाखवायचा, म्हणून क्लेमला मुलाखतीला बोलावलं. दोघं कॉलेजात एकाच संघात खेळताना हार्लनवर धावून येणारे धटिंगण याच क्लेमने अंगावर घेतले होते. पुढच्या फळीचा पवित्रा दाखवायला क्लेम हौसेने गालिच्यावर ओणवा झाला आणि दुखऱ्या गुडघ्यामुळे त्याला उठता येईना. हात देताना हार्लनला राहवलं नाही. “क्लेम, जागा भरलीय रे.” “मग मला कशाला नाचवलंस?” हार्लनने त्याला खुर्चीत बसवलं. “बाहेर बायको थांबलीय, तिला इथं सांगू नकोस,” क्लेम म्हणाला. “घरी मी बघतो.” बाहेर ती केक घेऊन उभी होती. “भावजी, यांची आठवण ठेवलीत, देव भलं करो!” हार्लनने केक घेतला, पण त्याची मान वर होईना.