पाझरणारं गाडगं

काटा हलला नाही तो नाहीच.

कल्याण स्टेशनच्या तारघरात मार्सेल मास्तर टेबलावर वाकले होते. काचेच्या बरणीत मोरचुदाचं निळं पाणी आणि तांब्याचा पत्रा. मधोमध गुणाजी कुंभाराचं मातीचं नळकांडं, त्यात मिठाचं पाणी आणि जस्ताची कांडी. तारायंत्राला लागणारी वीज अशाच बरण्यांतून निघायची. वीज झाली की तारेला जोडलेल्या डबीतला काटा कलणार.

तार टेकवताना मास्तर डावा हात पाठीशी ठेवत. एका बरणीत कसला आलाय दम! पण पन्नास बरण्या जोडल्या की दोन्ही हात लावणाऱ्याला झटका बसतो, म्हणून सवयच तशी.

"अर्धा तास झाला, गुणाजीभाऊ. तुमचं नळकांडं पाणी पीतच नाही, आणि भिंतीतून ओल झिरपल्याशिवाय वीज होत नाही. विलायती फुटलं म्हणून तुम्हाला सांगितलं, आता पुन्हा विलायतेहूनच मागवतो."

गुणाजीचं तोंड उतरलं. आता तार आपल्या भांड्यांवर चालणार, असं अख्ख्या कुंभारवाड्याला सांगून आला होता बिचारा. साहेबाचं काम म्हणून तीनदा घोटलं, दुप्पट भाजलं. थेंब बाहेर येईल तर शपथ!

"मास्तर, पाझरणारं चालंल का?"

दारातून त्याची बायको मालन विचारत होती. नवऱ्यासाठी पाणी आणलेलं लहानसं गाडगं तिच्या हातात होतं. बायकांनी चाकाला हात लावायचा नाही, म्हणून तिनं ते हातानंच थापून केलेलं. सगळ्या अंगानं घामेजलेलं, वेडंवाकडं.

"अगं, ते कुठं दाखवतीस? लाज काढशील माझी!" गुणाजी खेकसला.

मास्तरांनी गाडगं हातात घेतलं. तळवा ओला झाला. त्यांनी नळकांडं काढलं आणि गाडगं बरणीत कसंबसं बसवलं. मिठाचं पाणी, जस्त. हात कोरडे पुसले. डावा पाठीशी. तार टेकवली.

काटा थरथरला. मग सरळ डावीकडे कलला आणि तिथंच राहिला.

"देवा रे!" मालन पुढं आली. "आत कोन हाय, मास्तर?"

"कोणी नाही, बाई. तुमच्या गाडग्यातून वीज चाललीय. पापणी लवायच्या आत ठाण्याला पोचते ही."

"ठान्याला? माझं म्हायेर हाय तिथं. मला चालत दिवस लागतो!"

गुणाजी बरणीजवळ वाकला. जन्मभर माती तुडवली, पण मातीत असलं काही असतं हे त्याला आज दिसत होतं.

मास्तरांनी आनंदानं टाक उचलला. "वरच्या साहेबाला आत्ता कळवतो. गुणाजी कुंभार, कल्याण. तुमच्याच हातचं ना?"

नुसती मान हलवली की झालं. वाड्यात कोण विचारायला येणार होतं? गुणाजीनं काट्याकडे पाहिलं. तो तसाच कललेला.

"नाय मास्तर," तो म्हणाला. "हिनं थापलंय. मालन लिवा."

मालनचं तिकडे लक्षच नव्हतं. तिनं पदर डोक्यावर सारखा केला. हात अर्धवट उचलले. आपणच केलेल्या गाडग्याला नमस्कार करावा की करू नये, तिला कळेना.

तेवढ्यात बाजूला उभ्या गुणाजीनं हात जोडले.