होशिगामाचा पाचवा फेरा

दार उघडलं आणि आनंदरावांनी रोशनला ओळखलं नाही.

मग चहा झाला, आणि असं काही घडलंच नाही, असं दोघांनी एक शब्दही न बोलता ठरवून टाकलं. त्याला आज बारा रविवार झाले. दर रविवारी दुपारी दोनला रोशन मनीषनगरच्या या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये येतो, चपला दाराबाहेर नीट जोडून ठेवतो, "बाबा, कसे आहात?" म्हणतो आणि टीव्हीसमोर बसतो.

शेजारच्या शामलाताई कुंड्यांना पाणी घालताना विचारत, "कोण आलं, भाऊजी?"

"रोशन."

"बरं बरं," म्हणून त्या कुंडीकडे बघत. कुंडीत पाहण्यासारखं काही नव्हतं.

टीव्हीवर 'होशिगामा' असायचं. होशिगामा म्हणजे चौदा मजली लोखंडी बेडूक. तो उडतो. त्याच्या डोक्यात तोमो नावाचा पोरगा बसतो आणि त्याला चालवतो. जपानी लोकांनी हे प्रकरण १९८१ पासून लावून धरलंय. पाच वेळा त्यांनी गोष्ट पहिल्यापासून सुरू केली. दर वेळी तोमो तोच, बेडूक तोच, बाकी सगळं वेगळं. पहिल्यात तोमोचा बाप त्रेचाळिसाव्या भागात मरतो. दुसऱ्यात मरत नाही, पण गद्दार निघतो. तिसऱ्यात तो बेडूकच बाप असतो. चौथ्यात बापाचा विषयच कुणी काढत नाही. शिवाय एक जोडमालिका आहे, तिच्यात सगळे मिळून बेकरी चालवतात आणि बेडूक पीठ मळतो.

आनंदराव एसटीत वाहतूक नियंत्रक होते. कुठला भाग कशानंतर पाहायचा याचं वेळापत्रक त्यांनी भिंतीवर लावलं होतं. 'फेरा पहिला, मार्गे चित्रपट दोन.' गोष्ट नव्याने सुरू झाली की नवा फेरा, आणि मागच्या फेऱ्यात झालं ते झालंच नाही, असं धरून पाहायचं. हा नियम रोशननेच घातला होता, दहावीत असताना.

आज पाचव्या फेऱ्याचे शेवटचे तीन भाग होते.

"साखर किती टाकू?" आनंदरावांनी ओट्यापाशी उभं राहून विचारलं.

"दोन चमचे, बाबा."

"तू तं फिका पेत होता ना गा?"

रोशनने जरा विचार केला. "ते मागच्या फेऱ्यात."

आनंदरावांनी दोन चमचे टाकले. फिका चहा ऑक्टोबरातला. पावसाळ्यात रोशन डावखुराही होता. उन्हाळ्यात त्याला मिशी होती आणि उंची तीन बोटं जास्त. वय झालं की माणसाला काहीबाही आठवत राहतं.

"तोमोचा आवाज पहिल्या दिवशी मले पटलाच नव्हता," ते कप ठेवत म्हणाले.

"नवीन कलाकार आहे. जुने रिटायर झाले."

"चार-पाच भाग कानाले लागते. मग हाच खरा वाटते."

रोशनने चहाचा घोट घेतला. पहिला भाग संपला. दुसऱ्याच्या मध्यावर तो म्हणाला, "बाबा, पुढच्या रविवारी जमन का नाही, सांगता येत नाही. बुटीबोरीले शिफ्ट लागून राहिली."

"रविवारीबी?"

"रविवारीच."

"कायची कंपनी?"

"धाग्याची," रोशन म्हणाला. जरा उशिराने म्हणाला.

आनंदरावांनी रिमोट उचलला, बॅटरीचं झाकण उघडलं, पुन्हा लावलं. आठवड्यातले बाकीचे सहा दिवस ते कसेही ढकलत. दूधवाल्याशी पाच मिनिटं बोलत, चुकून कुणाचा फोन लागला तर दहा. पण सहा दिवस ढकलायचे तर पुढे रविवार लागतो.

"मग सहावा फेरा मी कोणासंग पाहू?"

"सहावा अजून जाहीर झाला नाही, बाबा."

"झाला तं?"

"मी बोलून पाहतो."

"कोणासोबत?"

"कंपनीत," रोशन म्हणाला आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

शेवटच्या भागात बेडूक समुद्रात उतरला आणि वर आला नाही. तोमो किनाऱ्यावर बसून राहिला. मग नावं सुरू झाली. ती सहा मिनिटं चालली. दोघांनी शेवटपर्यंत पाहिली. त्यातलं एकही नाव दोघांना वाचता येत नव्हतं.

पाच वाजले. रोशनने दोन्ही कप विसळून पालथे घातले. हे तो कधी करत नसे. खिशातून घडी केलेला एक कागद काढून त्याने टेबलावर ठेवला आणि हेल्मेट उचललं.

"येतो, बाबा. नमस्कार." मग उंबऱ्यावर थांबून, "जय भीम."

"जय भीम. सावकाश जा गा. वर्धा रोडले ट्रक राहते."

जिन्यातला आवाज संपेपर्यंत आनंदराव दारात उभे राहिले. मग चष्मा लावून टेबलाशी बसले. कागदावर 'सेवेबद्दल अभिप्राय' असं छापलं होतं आणि खाली पाच चांदण्या होत्या. त्यांनी चांदण्यांना हात लावला नाही. कागद उलटा केला आणि एकतीस वर्षांच्या नोकरीतल्या वळणदार अक्षरात लिहायला घेतलं :

'प्रति, मा. व्यवस्थापक, गृहभेट सेवा, नागपूर. विषय : रोशन क्र. ४ यांना कायम करणेबाबत. महोदय, दर बारा आठवड्यांनी मुलगा बदलून देण्याचा आपला नियम मला ज्ञात आहे. ग्राहकास लळा लागू नये, हा त्यामागील हेतूही मान्य आहे. मूळ रोशन (निधन : एप्रिल २०२१) यांची मागणी मी कधी केलेली नाही व करणार नाही. तरी सध्याचे रोशन (हेल्मेटवरील नाव : सौरव) यांची बदली रद्द करून, त्यांना वरील पत्त्यावर मुलगा या पदावर कायम करण्यात यावे, ही नम्र विनंती.'