मामाचा निकाल

बोटीमागे दोरी धरून येणाऱ्या स्कीपटूने आधी पाण्यावर तरंगणाऱ्या दोन लाल बोयांच्या गेटमधून आत शिरायचं. बाहेरून गेला की अख्खी फेरी बाद. शेवटच्या फेरीत भाची आली, पाण्याचा फवारा उडाला, आणि मचाणावरच्या तीन पंचांपैकी एक म्हणाला "आत", दुसरा म्हणाला "बाहेर". तिसरा पंच तिचा मामाच, आता सगळं त्याच्यावर आलं. शंका असेल तर फायदा खेळाडूला, हे नव्या पंचांना तो घसा कोरडा करून शिकवायचा. पण सख्ख्या भाचीला आत म्हटलं तर लोक काय म्हणतील?

"बाहेर," तो म्हणाला.

भाचीचं पदक गेलं आणि काठावर मामाचा उदो उदो झाला. "पंच असावा तर असा! नात्यागोत्याला भीक घालत नाही," म्हणत आयोजकांनी त्याची पाठ थोपटली. भाचीचा प्रशिक्षक तेवढा तणतणत आला. "अहो, पोरगी चक्क मधून गेली! मी दाद मागणार."

ओलीचिंब भाची मध्ये पडली. "राहू द्या सर. मलाही आत वाटलं होतं, पण मामा बाहेर म्हणाला ना, मग मी बाहेरच. तो डोळ्यांत तेल घालून बघतो."

मामाने मान खाली घातली. ती गेटकडे झेपावली की पडते की काय, या धास्तीने त्याचे डोळे गच्च मिटायचे, ती लहान असल्यापासून. आजही मिटले होते. "मला दिसलं नाही" एवढं म्हणायला मचाणावर त्याची जीभ रेटली नव्हती, आणि आता तर मुळीच रेटेना.