योग्य ती कारवाई

"हवामान कारवाई आराखडा," आयुक्तांनी जाहिरातीचा मथळा मोठ्यानं वाचला आणि चष्मा काढून बाईंकडे पाहिलं. "कृती आराखडा म्हणायचं होतं ना आपल्याला?"

बाई म्हणजे पालिकेच्या पर्यावरण विभागाच्या उपअभियंता. शहराचा आराखडा करून देणारी सल्लागार कंपनी निवडायला समिती बसली होती. समितीचे कागद सांभाळायचं काम बाईंचं, आणि जाहिरातही त्यांनीच लिहिलेली. कृतीच्या जागी कारवाई कशी आली, हे त्यांना आत्ता, सगळ्यांसमोर, लख्ख आठवलं. त्या दुपारी त्या एका तक्रारीला उत्तर लिहीत होत्या. 'आपल्या तक्रारीवर योग्य ती कारवाई सुरू आहे.' हे वाक्य बोटांना इतकं पाठ झालं होतं, की पुढचा कागद ओढला तरी बोटं थांबली नाहीत. तक्रार त्यांच्या सख्ख्या वहिनीची होती.

"नजरचूक झाली, साहेब," एवढंच त्या म्हणाल्या.

"आता काय, सूर्याला नोटीस काढायची?" लेखाधिकारी म्हणाले. सगळे हसले. बाईही हसल्या, पण हसायचेसुद्धा कष्ट पडावेत असे दिवस चालले होते. वहिनीच्या घरात पुन्हा पाणी शिरलं होतं. दादाचं एक अंग लुळं. पाणी आलं की शेजारी त्याला खुर्चीसकट उचलून वरच्या मजल्यावर नेतात. मागच्या वेळी जिन्यात खुर्ची कलंडली, थोडक्यात वाचला. वहिनी ओल्या गाद्या उन्हात टाकते आणि बाईंना फोन करते, "ताई, कारवाई सुरू झाली का हो?" बाई म्हणतात, "सुरू आहे." भिजत घोंगडं म्हणतात ते हेच. फक्त इथं घोंगडं दादाचं होतं.

पहिल्या कंपनीनं पडद्यावर हिरवी पानं दाखवली. दुसरीनं पानांच्या जागी पवनचक्क्या. दोघांनीही मथळ्यातली चूक सभ्यपणे गिळली आणि कृतीवर बोलले. त्यांच्या कृतीत आधी अभ्यास, मग कार्यशाळा, मग अहवाल, आणि शेवटी पुढच्या टप्प्यासाठी नवा सल्लागार. समितीतल्या माना डोलत होत्या, काही तर झोपेनं.

तिसरा माणूस एकटाच आला. पिकल्या मिशा, चुरगळलेला शर्ट. त्याची कंपनी म्हणजे तो आणि त्याची बायको.

"जाहिरातीत कारवाई म्हटलंय," तो म्हणाला. "कितीतरी शहरांच्या जाहिराती वाचल्या, हा शब्द कुणी वापरत नाही. बायको म्हणाली, इथं कुणीतरी मनावर घेतलेलं दिसतंय, जाऊन या. म्हणून आम्ही कारवाई कशावर करायची, तेवढंच शोधलं."

त्यानं शहराचा नकाशा लावला. टेकडीवरून ओढ्याची निळी रेघ खाली येत होती. मध्येच ती तुटली होती, आणि तिथून निळा रंग सांडावा तसा खालच्या वस्तीत पसरला होता. दादाची गल्ली बाईंना लगेच सापडली.

"ओढा इथं बुजवलाय. पाणी जाणार कुठं? आणि पाऊस आता वर्षागणिक अंगावर येणार. तेव्हा पहिली कारवाई, हे बांधकाम काढायचं."

"कुठलं बांधकाम?" आयुक्तांनी विचारलं.

माणूस जरा संकोचला. मग त्यानं जमिनीकडे बोट केलं. "तुमच्या या इमारतीचं पार्किंग, साहेब."

या वेळी कुणी हसलं नाही. ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती, बाईंनाही. आजवर कुणी तोंडातून काढली नव्हती इतकंच.

माणसाला बाहेर बसायला सांगितलं. आयुक्त काही वाईट माणूस नव्हते. तेही दमलेलेच होते. "बाई, शुद्धिपत्रक काढा," ते म्हणाले. "शब्द चुकला, म्हणून ही निविदा रद्द. नव्यानं मागवू. नजरचुकीला कुणी काही म्हणणार नाही. मुद्दाम लिहिला असता तर गोष्ट वेगळी. मग निविदा कायम राहिली असती, या माणसाचं ऐकावं लागलं असतं, आणि कुणाच्या परवानगीनं लिहिलात, हे मला तुम्हाला विचारावं लागलं असतं."

त्यांनी कोरा कागद पुढे सरकवला. बाईंनी पेन उचललं. शुद्धिपत्रकं काढण्यात त्यांचा हात धरणारं ऑफिसात कुणी नव्हतं. दाराच्या काचेतून तो माणूस दिसत होता. नकाशाची गुंडाळी गुडघ्यांवर धरून बाकावर बसलेला. जिन्यात कलंडलेली खुर्ची बाईंच्या डोळ्यांसमोरून हलेना. खरं बोलायची हिंमत त्यांच्यात कधीच नव्हती. पण वेळ मारून न्यायला लागते ती ताकदही आता संपली होती.

त्यांनी पेन खाली ठेवलं.

"मघाशी घाईत बोलले, साहेब. नजरचूक नव्हती. विचार करून लिहिलाय तो शब्द. तसाच राहू दे."

आयुक्तांनी कोरा कागद परत आपल्याकडे ओढून घेतला. मग त्यांनी त्या माणसाला आत बोलवायला सांगितलं आणि नकाशा समितीच्या कामकाजात नोंदवून घेतला. दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं.

संध्याकाळी बाई टेबल आवरत असताना शिपायानं कारणे दाखवा नोटीस आणून दिली. शेवटची ओळ ओळखीची होती. 'आपल्यावर योग्य ती कारवाई का करण्यात येऊ नये?' बाईंनी नोटिशीची घडी घालून पर्समध्ये ठेवली, तेवढ्यात फोन वाजला. वहिनी होती.

"ताई, कारवाई सुरू झाली का हो?"

"झाली, वहिनी," बाई म्हणाल्या. "माझ्यापासून."