ताईच्या नावावर

"नाव सांगा," नर्स म्हणाली.

धाकटीने ताईचं नाव सांगितलं. जन्मतारीखही ताईचीच सांगितली, न अडखळता. नर्सने मनगटावरची पट्टी वाचली, मान हलवली आणि पुढच्या खाटेकडे वळली. स्टुलावर बसलेल्या ताईच्या जिवात जीव आला. पण तो फार वेळ टिकणारा नव्हता. या दवाखान्याची रीतच तशी होती. गोळी द्यायची असो की ताप बघायचा असो, आधी पेशंटच्या तोंडून नाव वदवून घ्यायचं. सकाळपासून ताई दर वेळी नव्याने मरत होती.

विमा ताईचा होता. ती बिस्किटांच्या कारखान्यात पॅकिंगला होती आणि कंपनीने विम्याचं कार्ड दिलं होतं. त्यात नवरा बसत होता, मुलं बसत होती, बहीण बसत नव्हती. धाकटी घरी लोकांचे कपडे शिवायची. तिला कोण देणार विमा? तिच्या पित्ताशयात खडे झाले. दुखायला लागलं की जमिनीवर गडबडा लोळायची. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन लांबवू नका. खर्चाचा आकडा ऐकून दोघी दवाखान्याच्या जिन्यातच बसल्या. शेवटी ताईच म्हणाली, "तोंडावळा सारखाच आहे आपला. कार्डावरचा फोटो तर कुणाचाही वाटतो. तू मी हो."

मग स्वयंपाकघरात तालीम सुरू झाली. ताईचं बाळंतपण याच दवाखान्यात झालं होतं, तेव्हा तिच्या जुन्या फाइलशी एकही उत्तर न जुळून चालणार नव्हतं. ताई नर्स व्हायची, धाकटी ताई व्हायची. वय? मुलं किती? आधी कसलं ऑपरेशन झालंय? साखर, रक्तदाब? धाकटी कुरकुरायची, "अगं, फुकटात म्हातारी केलीस की मला!" पण उत्तरं तिने अशी घोटली की झोपेतून उठवून विचारलं असतं तरी चुकली नसती. आईचं नाव, तेवढं एकच उत्तर खरं होतं.

ते खिदळणं घरीच राहिलं. इथे आल्यापासून ताई सारखी दाराकडे बघत होती. मागे कारखान्यातल्या एका फिटरने मेव्हण्याचं आजारपण असंच आपल्या नावावर लावलं होतं. साहेबांनी त्याला उभ्या उभ्या घरी पाठवलं, वर पोलिसांतही दिलं. ताईच्या नवऱ्याचं दुकान कधीच बसलं होतं. घर तिच्या एकटीच्या पगारावर चालत होतं. आणि मघाशी पाणी मागताना धाकटीने सवयीने "ताई" अशी हाक मारली, तेव्हा नर्सने चमकून पाहिलंच होतं, कारण कागदावर थोरली तर खाटेवरची होती. "घरात सगळेच मला ताई म्हणतात," ताई घाईघाईने म्हणाली होती. स्वतःचाच आवाज तिला चोरासारखा वाटला.

ऑपरेशनची वेळ जवळ आली. नर्स ट्रे घेऊन आली. नाव झालं, जन्मतारीख झाली.

"हे अँटिबायोटिक आहे, पेनिसिलीनच्या जातीतलं. कसली ॲलर्जी आहे का?"

"नाही," धाकटी म्हणाली.

"पूर्वी कधी इंजेक्शनचा त्रास? पुरळ, सूज?"

"कधीच नाही."

ताई स्टुलावरून अर्धवट उठली. तालमीत हा प्रश्न तिनेच विचारला होता आणि उत्तरही तिनेच शिकवलं होतं. कारण ॲलर्जी तिला नव्हती, फाइलीतही तसंच लिहिलेलं होतं. धाकटीला होती! लहानपणी घसा धरला म्हणून धाकटीला असंच एक इंजेक्शन दिलं होतं. बघता बघता तिचे ओठ सुजले, डोळे मिटले, श्वास घशात अडकायला लागला. बाबा तिला उचलून अनवाणी धावले होते. पुन्हा हे औषध दिलंत तर पोरगी हाती लागायची नाही, असं तेव्हा डॉक्टरांनी बजावलं होतं. नंतर कधी गरज पडली नाही आणि ती गोष्ट मागे पडली. धाकटी तर तेव्हा एवढीशी होती. तिला कुठलं आठवायला!

नर्सने सलाईनच्या सुईचं टोपण काढलं. ताईने तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. लाज वाटावी अशी गोष्ट, पण त्या क्षणी तिच्या डोळ्यांसमोर धाकटी नव्हती, कारखान्याचं बंद फाटक होतं. नर्सने सिरिंज जोडली.

"थांबा!" ताई इतक्या जोरात ओरडली की शेजारच्या खाटेवरची म्हातारी दचकून उठून बसली. "देऊ नका! ती मी नाही!"

"म्हणजे?"

"ते नाव माझं आहे. विमा माझा आहे. ही माझी धाकटी बहीण. हिला हे औषध चालत नाही हो, जीव जाईल तिचा!"

नर्सने सिरिंज काढून ट्रेमध्ये ठेवली. दोघींकडे आळीपाळीने पाहिलं आणि ती डॉक्टरांना बोलवायला गेली. ताई खाटेच्या कडेला बसली. नोकरी गेली, अब्रू गेली, आता बहुतेक पोलिसही येणार. तरी तिच्या मनात यातलं काहीच नव्हतं. नर्सचा अंगठा सिरिंजवर टेकलेला तिला अजून दिसत होता. तिने धाकटीचा हात घट्ट धरला.

"माझंच चुकलं गं. माझी उत्तरं तुझ्याकडून इतकी घोकून घेतली, की तू स्वतःचंच विसरलीस."

"विसरले नव्हते." धाकटीचा हात बर्फासारखा गार पडला होता. "ओठ सुजले ते आठवतंय मला. बाबा धावले तेही आठवतंय. पण ताई, मला काही झालं असतं तर बघायला इथे डॉक्टर होते. तुझी नोकरी गेली तर तुझ्याकडे कोण बघणार होतं?"