पत्त्याचा रकाना

गावोगाव फिरून सुऱ्या-कात्र्यांना धार लावणारी बाई लेकीला शाळेत घालायला आली, तेव्हा मुख्याध्यापकांनी अर्ज तसाच परत सरकवला. "पत्ता कुठंय? रहिवासी दाखल्याशिवाय नाव लागत नाही, कालच सांगितलं ना तुला."

बाईनं त्यांच्याच टेबलावरचं आठवीचं मराठीचं पुस्तक उघडून समोर धरलं. एका कवितेच्या वर कवयित्री म्हणून तिचाच फोटो होता.

मुख्याध्यापक ताडकन उभे राहिले. बसायला खुर्ची दिली, चहा सांगितला, शिक्षकांना हाका मारल्या. "अहो ताई, दरवर्षी शिकवतो मी ही. 'जिथून हाकललं नाही, तेच आमचं गाव.' काय ओळ आहे! मुलांच्या डोळ्यांत पाणी येतं."

"मग तीच ओळ पत्ता म्हणून घाला."

ते हसले. "ताई, ती कविता आहे."

बाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण आवाज चढला नाही. "कविता तुम्ही म्हणता. माझा बाप मला शाळेत घालायला गेला होता, तेव्हा गाव कुठलं विचारल्यावर त्यानं दिलेलं उत्तर आहे ते. तिथले गुरुजीही असेच हसले होते."

चहा आला, पण कपाला कुणी हात लावला नाही. बाईनं टेबलावरचं पेन उचललं, पत्त्याच्या रकान्यात बापाचं उत्तर लिहिलं आणि अर्ज त्यांच्यापुढे ठेवला.

"आता हिला हाकलायचं असेल, तर आठवीच्या वर्गासमोर हाकला. पोरांना कविता नीट समजेल."